बाटलीवरच्या खाचा

दुपारी चारला शेजारची पाच-सहा मुलं माझ्याकडे गणिताला येतात. अपूर्णांक शिकवताना मी त्यांना भाकरीचे तुकडे सांगत नाही, औषधाची बाटली सांगतो. सहा डोसांची बाटली आहे, दोन डोस घेतले, उरली किती? परवा एका मुलीने विचारलं, "दादाजी, पर डोस दिखता कैसे था?" मी सांगितलं, बाटलीला उभी कागदाची पट्टी चिकटवलेली असे. पट्टीच्या कडेला खाचा कापलेल्या असत. औषध एक खाच खाली गेलं की एक डोस झाला. "कोण कापायचं?" असं एका मुलाने चक्क मराठीत विचारलं. एरवी त्याला मराठी समजतं, बोलायला लाजतो. मी म्हणालो, कंपाउंडर. मग कंपाउंडर म्हणजे कोण, हे सांगता सांगता तास संपला आणि मुलं पतंगांकडे पळाली. त्यांना सांगायचं राहिलं ते इथे लिहितो.

१९५७ सालची गोष्ट आहे. मी एकवीस वर्षांचा होतो आणि जबलपुरात ओमतीच्या बाजूला असलेल्या एका लहान सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. तो दवाखाना आता नाही. तेव्हा औषधं आजच्यासारखी पाकिटात येत नसत. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि कंपाउंडर मोठ्या बरण्यांतून औषध मापून, मिसळून, बाटलीत भरून देत. बाटली रोग्याने घरून धुऊन आणायची. भुकट्या खलात घोटून त्यांच्या पुड्या बांधायच्या. आमच्या औषधखोलीला लोखंडी गजांची एक खिडकी होती. तिच्या आत आम्ही चौघं आणि बाहेर सगळं जबलपूर.

चौघांत मी सर्वांत लहान. माझे वडील वर्ध्याकडून तोफांच्या कारखान्यात कामाला आले होते, पण माझा जन्म इथलाच. भय्यासाहेब अमरावतीचे. पांढरा शर्ट, केसांना तेल, आणि मापाचा ग्लास असा उचलायचे की जणू आत सरबत आहे. बळीराम नागपूरचा. तो पुड्या बांधता बांधता रोग्यांच्या नकला करी आणि आम्हाला हसू आवरत नसे. आणि आमचे मुख्य होते अंबादासजी. भंडाऱ्याचे, पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे. बारा वर्षांपासून जबलपूरला एका खोलीत एकटेच राहत. बायको भागीरथाबाई भंडाऱ्यात, त्यांच्या म्हाताऱ्या आईजवळ. म्हातारीचे पाय गेलेले, तिला हलवता येत नसे. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, पंधरा दिवस अंबादासजी घरी जात. गेल्या दसऱ्याला तेवढे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. खिडकीशी काही लोक बाटली फळीवर ठेवून हात मागे घेत, अंबादासजींच्या हाताला हात लागू नये म्हणून. ते त्यावर कधी बोलले नाहीत. बाटली भरून ते ती तशीच फळीवर ठेवत.

त्या खोलीत सगळं मराठीत चाले. बाहेर हिंदी, आत मराठी. बाटल्या धुणारा आमचा शिपाई भैयालाल पक्का इथला, पण तोही "थांबा हो" म्हणायला शिकला होता.

आता ती पट्टीची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मोठ्या माणसाच्या बाटलीवर पट्टीच्या एकाच कडेला खाचा. लेकराच्या बाटलीवर दोन्ही कडांना, समोरासमोर. एवढंच. ही रीत पुस्तकात नव्हती, अंबादासजींनी काढली होती. लोकांना वाचता येत नसे, घरात उजेड नसे, आणि एका घरात दोन-तीन आजारी असले की सारख्याच बाटल्या एका कोनाड्यात. अंगठा फिरवला की कळावं, ही कोणाची. मोठ्यांचं औषध लेकराच्या पोटात जाऊ नये, हा त्यातला मुद्दा.

आदल्या नोव्हेंबरात राज्यांची नवी आखणी झाली होती. तोवर नागपूर आणि जबलपूर एका राज्यात होते. आता विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. नकाशावर रेघ ओढायला वेळ लागत नाही, माणसांना लागतो. सरकारी नोकरांना विचारण्यात आलं, कुणीकडे जाणार? आमच्या खोलीतल्या तिघांनी विदर्भ लिहिला. मी जबलपूर लिहिलं. मला दुसरं गाव माहीतच नव्हतं.

एप्रिलमध्ये भय्यासाहेबांचा हुकूम आला. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जलेबी आणली.

"अमरावतीले गेलो की पहिलं काम, ही जलेबी बंद," ते म्हणाले. "बारा महिने सकाळी सकाळी पाक खाऊन जीभ चिकटून राहिली माही."

"जाओ साहब, जाओ," भैयालाल म्हणाला. "वहाँ जाके इसी को तरसोगे. चिट्ठी लिखोगे, भैयालाल, पाव भर भेज दो."

पुढे खरंच त्यांचं पत्र आलं आणि त्यात जलेबीची आठवण होती. पण तेव्हा आम्ही हसलो. महिन्याभराने बळीराम गेला. तो जाताना नक्कल करायचं विसरला, आणि खोली एकदम गप्प झाली.

त्यांच्या जागी नवे यायचे होते. आले, पण टिकले नाहीत. कारण जूनमध्ये फ्लूची साथ आली. मद्रासकडे बोटीतून उतरली म्हणे, आणि पंधरा दिवसांत आमच्या खिडकीशी. सकाळी सहाला रांग लागे ती दुपार ओलांडून जाई. ताप, अंगदुखी, खोकला. एकेका घरात सगळेच आडवे. लोक बाटल्या घेऊन फाटकापर्यंत उभे.

सागरहून एक कंपाउंडर आला, तो सहा दिवसांत बदली मागून गेला. दमोहचा आला, त्याला चौथ्या दिवशी ताप चढला आणि त्याचा भाऊ टांग्यात घालून त्याला घेऊन गेला. तिसरा सकाळी आला, रांग बघितली आणि जेवणाच्या सुट्टीत गेला तो परत दिसला नाही. आजारपणाची भीती होतीच. पण सागरवाल्याने जाताना मला सांगितलेलं माझ्या लक्षात राहिलं. "भाई, बीमारी से नहीं जा रहा. मुझे यहाँ कैंची तक नहीं पकड़ने देते."

ते खरं होतं. अंबादासजी कुणाला शिकवत नसत. "बघ आणि शिक," म्हणत, आणि बघायला वेळ देत नसत. नवा माणूस पट्टी कापायला लागला की दोन मिनिटं बघत आणि मग, "आण इकडे," म्हणून कात्री काढून घेत. त्यांची पट्टी बघत राहावी अशी होई. पण साठ माणसं रांगेत असताना एकच हात कापणार किती? मी स्वतः तीन वर्षांत त्यांच्याकडून शिकलो ते चोरून शिकलो.

त्यांचाही हुकूम आलेला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात जागा, हजर होण्याची तारीख पंधरा जून. साथीमुळे ती एक जुलै झाली. मग पंधरा जुलै, आणि त्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, ही शेवटची. सोमवारी पंधराला हजर झाले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार आणि अंबादासजी कायमचे मध्य प्रदेशचे. भागीरथाबाईंची पत्रं येत. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेली, दोन-तीन ओळींची. आई रोज विचारते, अंबादास कोणत्या गाडीने येतो. ते पत्र वाचून घडी घालत आणि म्हणत, "जाईन. एक माणूस तयार झाला की जाईन." आणि मग नव्या माणसाच्या हातातून कात्री काढून घेत.

आठ जुलैला भानुमती आली. पंचविशीची, बालाघाटची, घरी मराठी बोलणारी, मिशनच्या दवाखान्यात शिकलेली. बाई कंपाउंडर आमच्या इथे पहिलीच. भैयालाल बाटली धुता धुता थांबून बघत राहिला.

"काय बघून राहिला? बाटली फुटेल," ती म्हणाली.

"नहीं दीदी, हम तो…"

"दीदी म्हण, पण हात चालव."

दुसऱ्या दिवशी अंबादासजी रांगेला औषध देता देता खिडकीची फळी धरून खाली बसले. अंग तापाने भाजत होतं. खोलीवर पाणी द्यायलाही कोणी नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना औषधखोलीच्या मागे, लाकडी आडोशाच्या पलीकडे, जिथे आम्ही रिकाम्या बाटल्या ठेवायचो तिथे खाट टाकून झोपवलं. दिवसभर पलीकडून त्यांचा खोकला ऐकू येई.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिवाकर, पंधरा तारीख जवळ आली. साथीत या माणसाशिवाय चालणार नाही, असं मी वर लिहू शकतो. ते मानतील. पण मग त्यांची भंडाऱ्याची जागा गेली. मी तेव्हाच लिहीन, जेव्हा तू म्हणशील की जमत नाही. शनिवारपर्यंत सांग."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर उत्तर माझ्याजवळ त्याच क्षणी होतं. जमत नाही. दोन माणसांनी ती रांग कशी सांभाळावी? आणि दुसरंही एक होतं, जे मी डॉक्टरांना सांगितलं नसतं. भय्यासाहेब गेले, बळीराम गेला. अंबादासजी गेले की त्या खोलीत माझं कोणी उरणार नव्हतं.

भानुमती तीन दिवस नुसत्या पुड्या बांधत होती. गुरुवारी सकाळी रांग फाटकाबाहेर गेली तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही बाटल्या घ्या, मी मिसळतो." भैयालालने सकाळीच खळ शिजवून ठेवली होती. ती बसली, कागदाच्या पट्ट्या मधोमध उभ्या दुमडल्या, पाच-पाच एकदम कापल्या. झरझर. उघडली की दोन्ही कडांना सारख्या खाचा, रांगोळीसारख्या. मी वळून एकदा बघितलं आणि मनात म्हटलं, हात काय स्वच्छ आहे. आणि परत बरणीकडे वळलो.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. शिकवणाऱ्याची सर्वांत सोपी चूक हीच, जे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे ते समोरच्याला माहीत असेलच, असं वाटणं. पट्टी उभी दुमडून कापायची ही सगळ्या दवाखान्यांची रीत. फक्त आमच्या दवाखान्यात त्या पट्टीचा अर्थ होता, लेकराची बाटली.

दुपारी एकच्या सुमाराला चंपाबाई आली. मूळची विदर्भाची, ओमतीच्या बाजारात झाडू विकणारी म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळी तीन बाटल्या घेऊन गेली होती, त्या तिन्ही पदरात बांधून परत आणल्या होत्या. रांगेला ढकलत ती सरळ खिडकीशी आली.

"कोण आहे आत? अंबादास नाही दिसत."

"ते आजारी आहेत, आजी. मी दिवाकर."

"मंग तू सांग. माह्या घरी लेक आजारी, सून आजारी आन नातू आजारी. लेकरू एकच आहे. मंग लेकराच्या बाटल्या तीन कशा?"

तिने एक बाटली गजांतून आत सरकवली. मी अंगठा फिरवला. दोन्ही कडांना खाचा. दुसरी, तीच. तिसरी, तीच. मी चिठ्ठ्या मोजल्या. सकाळपासून अडतीस बाटल्या गेल्या होत्या.

"यांतून पाजलं कोणाला?"

"कोणाले पाजू? कोणती कोणाची ते समजल्याबिगर?" चंपाबाई म्हणाली. "माही सून म्हणे, पाज ना. मी म्हटलं, थांब, अंबादासले इचारून येतो."

भानुमती उठून उभी राहिली होती. मी तिला रीत सांगितली. चार वाक्यं लागली. ती चार वाक्यं सकाळी सांगायला हवी होती.

"मग मला सांगायचं होतं ना, भैया!" तिचा आवाज चढला. "मिशनमध्ये अशाच कापतो आम्ही. पाच वर्षं अशाच कापल्या. मला काय स्वप्न पडणार होतं?"

"माझी चूक आहे."

"चूक तुमची, पण नाव कोणाचं होईल? मागचे काहून पळाले, समजलं मला." तिने ॲप्रनची गाठ सोडली. "मी जाते. दुसरी बघा."

"बस खाली," खिडकीबाहेरून चंपाबाई म्हणाली. "जाशील त जा, पण आधी माह्या तीन बाटल्यांच्या पट्ट्या कापून दे. मी का पुन्हा उन्हातून येऊ?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. भानुमती त्या गजांकडे बघत तशीच उभी राहिली, आणि मग ॲप्रन न बांधताच खाली बसली. चंपाबाईने आपला वाळका हात गजांतून आत घातला.

"आण पट्टी. हे बघ. हा अंगठा. मोठ्याची, इकडे गुळगुळीत, इकडे दात. लेकराची, दोन्हीकडे दात. आन खालची खाच जरा मोठी काप, म्हणजे शेवटचा डोस समजते. अंबादास तशी कापते."

शेवटच्या खाचेचं तर मलाही माहीत नव्हतं.

मग पुढचं ठरवलं. चिठ्ठ्या आमच्याजवळ होत्या, त्यांवर नावं होती. भैयालालला सायकलवर एका बाजूला धाडलं. पण खरं काम चंपाबाईने केलं. ती फाटकाशी बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, कधी मराठीत, कधी हिंदीत, "आज सबेरे की बोतल वापस लाओ, पट्टी गलत है, बच्चे को मत पिलाना." एकाने दुसऱ्याला सांगितलं. बाजारातून गल्लीत, गल्लीतून घरात. तीनच्या पुढे बाटल्या यायला लागल्या. काही बायका हसत येत. एक म्हणाली, "हम तो समझे, बीमारी में सरकार ने सबको बच्चा बना दिया." पाच वाजेपर्यंत छत्तीस बाटल्या परत आल्या.

उरलेल्या दोन एकाच घरच्या, शहराबाहेर रिछाईतल्या. तेव्हा तिथे कारखाने नव्हते, शेतं होती आणि चिखल होता. मी सायकल घेऊन निघालो. वाटेत मी काय काय कल्पना केल्या ते लिहीत नाही. घर सापडलं. दारात एक बाई मूल मांडीवर घेऊन बसली होती. मूल तिच्या बांगड्या ओढत होतं, म्हणजे बरं होतं. आत तिचा नवरा तापात पडलेला.

"बाटल्या?"

तिने कोनाड्याकडे बोट दाखवलं. दोन्ही तशाच भरलेल्या. "दोनों बच्चे की निकलीं, भैया. इनकी थी ही नहीं. मैंने सोचा कल पूछूँगी."

मूल सुखरूप होतं, पण तो माणूस दिवसभर औषधाविना पडून होता, आमच्या चुकीने. मिसळलेलं माझंच, म्हणून मोठ्याचं कोणतं ते मी वासावरून ओळखलं, तिथेच चाकूने त्या पट्टीची एक कड सरळ कापून काढली, त्याला उठवून पहिला डोस पाजला आणि तो परत आडवा होईपर्यंत बसून राहिलो.

परत आलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. खिडकीशी अजून वीस-बावीस माणसं. आत भानुमती पट्ट्या कापत होती. आता उभी घडी न घालता, एकाच कडेला. बाहेर खिडकीला टेकून चंपाबाई बसलेली, आणि तिच्या मागे दोन-तीन बायका. प्रत्येक बाटली बाहेर आली की त्यांच्यातली एक अंगठा फिरवून म्हणे, "हो, मोठ्याची." आडोशापलीकडे खोकला नव्हता. मी वाकून बघितलं. अंबादासजी खाटेवर उठून बसले होते, भिंतीला टेकून, आणि ऐकत होते.

भानुमतीने मला बघून विचारलं, "रिछाई?"

"दोन्ही भरलेल्या सापडल्या."

तिने कात्री खाली ठेवली. "उद्या किती वाजता यायचं? सहाला की साडेपाचला?"

शुक्रवारी ती साडेपाचला आली. त्या दिवशी मी तिची प्रत्येक बाटली तपासली. शनिवारी सकाळी पहिल्या वीस तपासल्या. मग रांग वाढली आणि मी विसरलो.

दुपारी रांग जरा कमी झाल्यावर मी अंबादासजींना पेज घेऊन गेलो. ताप उतरला होता, गाल बसले होते. त्यांनी वाटी हातात घेतली, पण प्यायले नाहीत.

"परवा काय झालं, मी ऐकलं," ते म्हणाले.

"हो."

"मी उठलो असतो त झालं नसतं."

"नसतं झालं."

"उठाचं म्हटलं होतं मी. पाय नाही उचलले." त्यांनी वाटी हातात फिरवली. "ती चंपाबाई शेवटच्या खाचेचं सांगून राहिली होती. मी कोणाले सांगितलं नव्हतं ते. तिनं कधी पाहिलं?"

"डोळ्यांनी नाही पाहिलं. बारा वर्षं तुमच्याच बाटल्या नेल्या तिनं."

पलीकडे कात्रीचा आवाज येत होता, आणि भानुमती कुणालातरी दटावत होती, "बाटली धुऊन आणा, यात तेल आहे. औषध पिता का फोडणी देता?"

"भानुमतीच्या पट्ट्या पाहिल्या तू?"

"पाहिल्या. आज सकाळपासून पाहणं सोडलं."

"सोडलं?"

"हो."

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर तुले इचारणार आहेत, मले माहीत आहे. त्यांच्या आधी मी इचारतो. मी गेलो त चालेल?"

इतकी वर्षं मी मुलांना शिकवत आलो. खरं उत्तर सांगायला धीर लागतो, हे मी त्यांना सांगतो तेव्हा मला ती दुपार आठवते. मी नाही म्हणालो असतो तर ते राहिले असते. कुणी मला दोष दिला नसता. परवाच एवढी चूक झालेली, कारण हातात तयार होतं. आणि मला ते राहायला हवे होते. सकाळी कुलूप उघडताना त्यांची सावली माझ्या आधी आत जावी, एवढंच मला हवं होतं. पण कात्रीचा आवाज थांबत नव्हता. रांग सरकत होती. ते नव्हते आणि चालू होतं.

"चालेल," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला नाही. आधी जे आलं ते बघून मी मान खाली घातली.

"चालेल म्हणतो," ते हळूच म्हणाले. "बारा वर्षं मी समजून राहिलो, नाही चालणार. आई म्हणे, ये. भागी म्हणे, या. मी म्हणे, माह्याबिगर खिडकी बंद होते."

"अंबादासजी, चालेल म्हणजे तुमच्यासारखं नाही…"

"लीपापोती नको करू. एकदा चालेल म्हटलं ना, बस." मग मात्र ते हसले, ओठांच्या एका कोपऱ्यातून. "पोरा, मी तुले कधी काही शिकवलं नाही, नाही का?"

"मी बघून शिकलो."

"शिकवाले पाह्यजे होतं. तो सागरचा पोरगा चांगला होता. हात हलका होता त्याचा." त्यांनी वाटी उचलली आणि पेज एका दमात प्यायले. "छोटी गाडी उद्या सकाळी आहे ना?"

गोंदियाला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, तिला आम्ही छोटी गाडी म्हणत असू. तिकडून पुढे मोठ्या गाडीने भंडारा. मी हो म्हटलं, आणि डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, जमेल. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही.

रविवार होता, तरी साथीमुळे खिडकी उघडी होती. टांग्यावर भैयालालने ट्रंक चढवली. मला वाटलं होतं अंबादासजी आत येतील, बरण्यांवरून एकदा नजर फिरवतील. ते आले नाहीत. मी मिसळता मिसळता वर बघितलं तर ते बाहेर होते, रांगेत. खोकला अजून होता, वाटेसाठी औषध हवं होतं. हातात धुतलेली बाटली. लोकांनी ओळखून पुढे जायला सांगितलं, तर म्हणाले, "नाही, नाही, माह्या पुढं सात माणसं आहेत. गाडीले वेळ आहे."

त्यांचा नंबर आला. भानुमतीने मान वर न करता विचारलं, "नाव?"

"अंबादास."

तिने वर बघितलं. घाईघाईने उठायला गेली. त्यांनी हाताने खाली बसायची खूण केली. तिने बाटली भरली, पट्टी लावली, खळ बोटाने दाबून बसवली आणि फळीवर न ठेवता त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बघितली नाही, अंगठा फिरवला नाही. तशीच पिशवीत टाकली.

"भंडाऱ्याले आलात कधी त घरी या," ते तिला म्हणाले. मग गजांतून आत, माझ्याकडे बघून, "दिवाकर, पोटॅशची बरणी संपत आली. उद्या मागव."

मी म्हणालो, "हो, मागवतो."

टांगा निघाल्याचा आवाज आला. मला दारापर्यंत जायचं होतं. पण माझ्या हातात ग्लास अर्धा भरलेला होता, आणि खिडकीशी एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. मी ग्लास डोळ्यांसमोर धरला, माप बघितलं आणि उरलेलं पाणी त्यात ओतलं.